प्रस्तावना : रजेचा अर्ज कोणाकडे करायचा?

शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जातात तेव्हा अर्ज घ्यायला कोणीतरी असतं. मुख्याध्यापक असतात, संस्था असते, वर सरकार असतं. रजेचे दिवस ठरलेले असतात आणि परत आल्यावर हजेरीपटावर नाव तसंच सापडतं. आता चारशे मीटर धावणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेली, जगातल्या पहिल्या दहांमधली. तिला दिवस गेले आहेत. तिने अर्ज कोणाकडे करायचा? महासंघ तिला पगार देत नाही. प्रशिक्षकाला तीच पैसे देते. बूट पुरवणाऱ्या कंपनीशी करार आहे, पण त्या कागदावर ती नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे. क्रमवारी संगणक लावतो, आणि ही बाई खेळ सोडून गेलेली नाही, ती बाळंतीण आहे, हे त्याला आपसूक कळत नाही.

या पुस्तकातले लेख त्या अर्जाचा पत्ता शोधतात. लेखकांमध्ये वकील आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, प्रशिक्षक आहेत आणि आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेल्या, तशाच न उतरलेल्या खेळाडूही आहेत. विषय मराठी वाचकाला नवा वाटेल म्हणून आधी त्याचा नकाशा मांडते.

सुरुवात बहुतेक जण १९४८च्या लंडन ऑलिंपिकपासून करतात. नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कून तेव्हा तीस वर्षांची होती, पदरात दोन मुलं. शंभर मीटर, दोनशे मीटर, ऐंशी मीटर अडथळा आणि चार बाय शंभर रिले अशी चार सुवर्णपदकं तिने एका ऑलिंपिकमध्ये घेतली. वृत्तपत्रांनी तिला ‘उडती गृहिणी’ म्हटलं. स्पर्धेआधी तिला पत्रं येत होती, घरी बस आणि मुलं सांभाळ, असं सांगणारी. स्पर्धेनंतर कौतुकाचा पूर आला, पण त्या कौतुकातही एक शब्द घट्ट बसला, तो अजून उठलेला नाही: दोन मुलांची आई ‘असूनही’. आमच्या मराठी क्रीडापानांनीही तो जसाच्या तसा उचलला. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत खेळाडू आईविषयी जे लिहिलं गेलं, त्यातलं पुष्कळसं या एका शब्दावर उभं आहे. ‘असूनही’ म्हटलं की गोष्ट चमत्काराची होते, आणि चमत्कार झाला म्हटलं की तो घडताना कोणी काय दिलं आणि काय नाकारलं, हे विचारायचं राहून जातं.

तो काळ हौशी खेळाचा होता. पैसा नव्हता, म्हणून करारही नव्हता. प्रश्न होता तो घरच्यांच्या आणि गावाच्या परवानगीचा. विल्मा रुडॉल्फला १९५८मध्ये मुलगी झाली. टेनेसीतल्या तिच्या कॉलेजच्या संघात आई झालेल्या मुलीला जागा नसे. प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिच्यापुरता नियम बाजूला ठेवला, आणि मुलीला घरच्यांकडे सोपवून ती १९६०च्या रोममध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. एका माणसाचं मन मोठं होतं म्हणून जगाला रुडॉल्फ मिळाली. ज्यांच्या प्रशिक्षकांनी नियम पाळला, त्या मुलींची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

पूर्व युरोपात चित्र वेगळं होतं. तिथे खेळाडूला शासन पोसायचं. सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिना १९५८ची मॉस्कोची जागतिक स्पर्धा गरोदरपणी खेळली आणि पाच सुवर्णपदकं जिंकली. पोलंडच्या इरेना शेविन्स्काला १९७०मध्ये मुलगा झाला. १९७२मध्ये तिने म्युनिकला ब्राँझ घेतलं आणि १९७६मध्ये माँट्रियलला चारशे मीटरचं सुवर्ण विश्वविक्रमासह. त्या व्यवस्थेत खेळाडूचं शरीर शासनाच्या ताब्यात असे, आणि त्याची किंमत अनेकींनी मोजली, हे विसरता येत नाही. तरीही बाळंतपणानंतर बाईचं जेवण आणि सराव चालू राहण्याची तजवीज तिथे होती. बाजाराने ती पुढे अनेक वर्षं केली नाही.

ऐंशीच्या दशकात खेळात उघडपणे पैसा आला. नॉर्वेची इंग्रिड क्रिस्तियान्सेन १९८३च्या ऑगस्टमध्ये आई झाली, पुढच्या जानेवारीत तिने ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली आणि १९८५मध्ये लंडनला २ तास २१ मिनिटं ६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ २००७च्या जानेवारीत आई झाली आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. शर्यत संपताच मुलीला कडेवर घेतलेला तिचा फोटो जगभर छापला गेला. मधल्या महिन्यांत घाईने सराव सुरू केल्यामुळे तिच्या पाठीच्या अगदी खालच्या हाडाला तडा गेला होता, ते फोटोत दिसत नाही. ती घाई कुठून येते, हा या पुस्तकाचा एक मुख्य प्रश्न आहे.

उत्तर करारात सापडतं. धावपटूंच्या प्रायोजक-करारात कपातीची कलमं असतात: वर्षात इतक्या स्पर्धा धावल्या नाहीत तर इतकी कपात, क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या खाली गेलात तर तितकी. या कलमांना बाई दिसतच नसे. गुडघा मोडला काय किंवा मूल झालं काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच, धावली नाही. आणि असे करार गोपनीय असल्यामुळे एकीचं काय झालं ते दुसरीला कळत नसे.

ती गोपनीयता २०१९च्या मे महिन्यात फुटली. अमेरिकेची आठशे मीटरची धावपटू अलिशिया मोंटान्यो २०१४मध्ये चौतीस आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत धावली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाच वर्षांनी तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून सांगितलं की टाळ्या वाजत होत्या तेव्हा आतून पैशाचं काय चाललं होतं. काही दिवसांनी त्याच वृत्तपत्रात अ‍ॅलिसन फेलिक्सने लिहिलं. ती तेव्हा सहा ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी होती. नव्या करारात नायकेने तिला आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ केली होती. त्याहून तिला लागलं ते दुसरं. बाळंतपणाच्या आसपासच्या महिन्यांत कामगिरी उतरली तर शिक्षा होणार नाही, एवढं लेखी द्या, असं तिने मागितलं, आणि कंपनीने ते दिलं नाही. ऑगस्टमध्ये नायकेने धोरण बदललं. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे मिळून अठरा महिने कपात करायची नाही, असं ठरलं. फेलिक्स तोवर दुसरीकडे गेली होती. २०२१च्या टोकियोत ती स्वतः सुरू केलेल्या कंपनीचे बूट घालून धावली आणि चारशे मीटरचं ब्राँझ आणि रिलेचं सुवर्ण मिळवून आपली ऑलिंपिक पदकं अकरावर नेली.

फेलिक्सची गोष्ट इथेच थांबवली तर पुन्हा ‘असूनही’च्या वाटेला लागू. तिची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात, तातडीच्या शस्त्रक्रियेने जन्मली. फेलिक्सला प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढणं. २०१६च्या रिओत अमेरिकेच्या चार बाय शंभर रिलेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात ती होती, टियाना बार्टोलेटा होती आणि टोरी बोवी होती. बार्टोलेटाच्या बाळंतपणातही गंभीर गुंतागुंत झाली. बोवी २०२३च्या वसंतात आठ महिन्यांची गरोदर असताना घरात मृतावस्थेत सापडली. चौघींच्या संघातल्या तिघी. तिघीही कृष्णवर्णीय, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांचे बाळंतपणातले मृत्यू गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ‘खेळाडू बाईचं काय, तिचं अंग घट्ट असतं, ती सुखरूप सुटेल,’ असं आपल्याकडेही सहज म्हणतात. ते म्हणणाऱ्याला मी ही तीन नावं सांगते.

इथे वैद्यकशास्त्र येतं, आणि ते फार उशिरा आलं. १९८५मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर बाईला सांगितलं की नाडीचे ठोके मिनिटाला १४०च्या वर जाऊ देऊ नका आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. १९९४मध्ये त्यांनीच हा आकडा काढून टाकला. म्हणजे नऊ वर्षं गरोदर बायका पुरेशा पुराव्याशिवाय घातलेल्या बंधनात राहिल्या. दुसऱ्या टोकाला ‘काही होत नाही, धाव’ म्हणणारेही होते. २०१२मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलवर धावायला लावून तपासलं. नाडी कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांच्या वर गेली की गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटला आणि बाळाचे ठोके मंदावले, व्यायाम थांबल्यावर सावरले. अवघ्या सहा बायका. पण त्याआधी एवढंही फारसं मोजलं गेलेलं नव्हतं. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लोझानला तज्ज्ञ जमवले आणि त्यांचे अहवाल पुढच्या काही वर्षांत पाच भागांत आले. २०१९मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर पुन्हा धावण्याविषयी मार्गदर्शन काढलं: निदान बारा आठवडे धावू नका, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासल्याशिवाय नको.

बारा आठवडे ही सूचना वाचून मला आपला सव्वा महिना आठवला. बाळंतिणीची वेगळी खोली, शेक, पोट बांधणं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, जड उचलायचं नाही, वाऱ्यात जायचं नाही. शरीर फाटून जोडलं जात असतं आणि त्याला वेळ लागतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्यातलं काय शास्त्राला धरून आहे आणि काय नुसती रीत, याची तपासणी पुस्तकात एका फिजिओथेरपिस्टने केली आहे, आणि ती आदराने केली आहे. माझी तक्रार एवढीच, की सव्वा महिन्यानंतर काय, हे आपली रीत सांगत नाही. चूल आणि विहीर तिला परत बोलावतात, मैदानाचा रस्ता कोणी सांगत नाही. जोर लावून उठायचं, उडी मारून खाली यायचं, शिंक आली तरी लघवी सुटते अशा अवस्थेत सराव करायचा; हे बोलायला शब्दसुद्धा चोरून वापरावे लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. वजनगटात खेळणाऱ्या कुस्तीगीर बाईने ते गणित कसं सोडवायचं?

आशेचंही आहे. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या ४२ अव्वल धावपटूंच्या एका अभ्यासात, ज्यांना पूर्वीच्याच पातळीवर परतायचं होतं त्यांची कामगिरी एक ते तीन वर्षांत लक्षणीय घसरलेली आढळली नाही. केनियाची फेथ किपयेगॉन २०१८मध्ये आई झाली आणि २०२३मध्ये तिने पंधराशे, मैल आणि पाच हजार मीटर असे तीन विश्वविक्रम केले. मूल झालं म्हणजे खेळाडू संपली, या समजुतीला आधार उरलेला नाही. संपवतो तो मधला काळ, पैशाविना आणि क्रमवारीविना काढावा लागणारा.

त्या मधल्या काळाची व्यवस्था कशी लावायची, यावर सध्या तीन विचार आहेत. पहिला कामगार-हक्कांचा. खेळाडू ही कामगार आहे, म्हणून कामगाराला मिळतं ते तिला मिळालंच पाहिजे. फिफाने १ जानेवारी २०२१पासून क्लबांवर किमान चौदा आठवड्यांची रजा बंधनकारक केली, त्यातले निदान आठ बाळंतपणानंतरचे, आणि किमान दोन-तृतीयांश पगार. नियम कागदावरच राहिला असता, पण आइसलंडची सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर थकलेल्या पगारासाठी आपल्या फ्रेंच क्लबविरुद्ध, ल्यों विरुद्ध, फिफाच्या न्यायाधिकरणात गेली आणि २०२२मध्ये तिला ८२ हजार युरोंहून अधिक देण्याचा निकाल लागला. खेळाडूंची संघटना पाठीशी असली की कलम जिवंत होतं. हा विचार मला सगळ्यांत पटतो. पण तो संघांच्या खेळापुरता चालतो. धावपटूला, बॉक्सरला, टेनिसपटूला मालकच नसतो.

त्यांच्यासाठी दुसरा विचार, स्थान राखण्याचा. सेरेना विल्यम्स २०१७च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा ती दोन महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणानंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८च्या फ्रेंच ओपनला ती आली तेव्हा तिचा क्रमांक होता ४५१ आणि मानांकन नव्हतं. त्या वर्षअखेरीस महिला टेनिसच्या संघटनेने, डब्ल्यूटीएने, नियम बदलला आणि आई झालेल्या खेळाडूला जुन्या क्रमांकाचा आधार घेऊन परतायला तीन वर्षांची मुदत दिली. सेरेनाइतकं नाव नसलेल्या बाईने निमूट सोसलं असतं. कॅनडाची बॉक्सर मॅन्डी बुजोल्ड निमूट बसली नाही. करोनामुळे टोकियोची पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि जुन्या स्पर्धांच्या गुणांवर जागा ठरल्या. नेमक्या त्या काळात ती गरोदर आणि बाळंतीण होती. ती क्रीडा लवादाकडे गेली. जून २०२१मध्ये लवादाने सांगितलं की पात्रतेच्या निकषांत अशा बायकांसाठी तरतूद असलीच पाहिजे. टोकियोत ती पहिल्याच फेरीत हरली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय तिचाच आहे.

तिसरा विचार रोजच्या सांभाळाचा: मूल कोणाजवळ ठेवायचं, दूध केव्हा पाजायचं, दौऱ्यावर सोबत कोण. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने २०१९मध्ये बारा महिन्यांची पगारी रजा दिली आणि मूल चार वर्षांचं होईपर्यंत दौऱ्यावर सोबतीचा खर्चही उचलला. पाकिस्तानच्या मंडळाने २०२१मध्ये तसंच धोरण आणलं. पहिला लाभ कर्णधार बिस्मा मारूफला झाला. ६ मार्च २०२२ला न्यूझीलंडमध्ये भारत-पाकिस्तान सामना संपल्यावर तिच्या सहा महिन्यांच्या लेकीभोवती जमलेल्या भारतीय मुलींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आदल्या वर्षी, टोकियोच्या आधी, कॅनडाची बास्केटबॉलपटू किम गोशे हिला दूध पिणारं बाळ की ऑलिंपिक यातून एक निवडायला सांगितलं गेलं होतं आणि आरडाओरडा झाल्यावर परवानगी मिळाली. पॅरिस २०२४च्या क्रीडाग्रामात पहिल्यांदा पाळणाघराची सोय झाली. त्यामागे पुन्हा फेलिक्सच होती.

आता आपल्याकडे. मेरी कोमला २००७मध्ये जुळी झाली आणि २००८मध्ये निंगबोला तिने चौथं जागतिक सुवर्ण जिंकलं. सहावं २०१८मध्ये दिल्लीला, तेव्हा ती तीन मुलांची आई होती. कृष्णा पूनिया मुलगा शाळेत जात असताना २०१०च्या राष्ट्रकुलात थाळीफेकीत सुवर्ण जिंकली. सानिया मिर्झा आई झाल्यावर २०२०च्या जानेवारीत होबार्टला दुहेरीचं विजेतेपद घेऊन परतली. कोनेरू हंपी २०१७मध्ये आई झाली आणि २०१९मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती. द्रोणावल्ली हरिका २०२२मध्ये मामल्लपुरमच्या ऑलिंपियाडमध्ये नववा महिना लागलेला असताना पटावर बसली आणि भारताच्या महिला संघाने ब्राँझ जिंकलं. दीपिका पल्लिकलने जुळ्यांच्या जन्मानंतर सहा महिन्यांत ग्लासगोला स्क्वॉशची दोन जागतिक दुहेरी विजेतेपदं मिळवली. या सगळ्यांच्या मुलाखती एकत्र वाचल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: आई, सासू, नवरा, बहीण. घर उभं राहिलं म्हणून ती उभी राहिली. कलमाचं नाव कुठे येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९६१मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला, २०१७च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवडे झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत १८० दिवस मिळतात. आपल्या बऱ्याच खेळाडू रेल्वेत, पोलिसांत, सरकारी कंपन्यांत आहेत. त्यांचा पगार चालू राहतो आणि ही मोठी जमेची बाजू आहे. पण रजा कारकुनाच्या खुर्चीवरून मिळते. राष्ट्रीय शिबिरातली जागा, निवड चाचणीची तारीख, प्रवासातला सोबती, हे त्या रजेत येत नाही. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीयादीत असलेल्या बाळंतिणीलाही रोजचा ठावठिकाणा आधी कळवून ठेवावा लागतो. तो टाळायला निवृत्ती जाहीर केली तर परतताना सहा महिने चाचणीसाठी उपलब्ध राहून मगच स्पर्धा. हे बहुतेकींना कोणी आधी सांगत नाही.

मी स्वतः खो-खो खेळले. आमच्या जिल्हा संघातल्या मुलींचं मैदान लग्नाच्या पत्रिकेबरोबर सुटायचं. बाळंतपणापर्यंत प्रश्न पोचायचाच नाही. आमच्या एका प्रशिक्षकांनी माझ्या मैत्रिणीच्या लग्नात आहेर म्हणून तिचा संघाचा टी-शर्ट घडी करून दिला, अगदी मायेने, आणि ती रडली. त्या मायेत निरोप होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. तिच्यासारख्यांचे शब्द या संग्रहात आहेत म्हणून मी ही प्रस्तावना लिहायचं कबूल केलं.

पुस्तकात पदकांची वर्णनं कमी आहेत. करार कसा वाचायचा, महासंघाला काय लेखी विचारायचं, बाराव्या आठवड्यात काय तपासून घ्यायचं, हे जास्त आहे. गर्भपातानंतर चौथ्या दिवशी सरावाला गेलेल्या एका खेळाडूचा लेख आहे. अशा अनुभवाला खेळाच्या बहुतेक धोरणांत अजून जागा नाही. मूल नको असं ठरवलेल्या दोघींचंही म्हणणं आहे, आणि ते असायलाच हवं होतं. दत्तक आणि सरोगसी यांना पुरेसा न्याय देता आलेला नाही. पुढच्या आवृत्तीत तो द्यावा, असं मी संपादकांना सांगितलं आहे. काही लेख एकमेकांशी भांडतात. एका प्रशिक्षकाचा आग्रह आहे की छोट्या संघटनांना हा खर्च पेलणार नाही. पुढच्याच लेखात एका वकिलाने तो मुद्दा खोडला आहे. मी वकिलाच्या बाजूची आहे, वाचकाने स्वतः ठरवावं.

एक विनंती करते. हे पुस्तक वाचून झालं की त्याची एक प्रत तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेच्या कचेरीत नेऊन द्या. पुढच्या निवड चाचणीचं पत्रक निघायच्या आत ती तिथल्या टेबलावर असू दे.